सेन्सर बोर्डवरचा पहिला प्रोजेक्ट: टाकीच्या पाण्याचा इशारा, टप्प्याटप्प्याने

किट आणलं, कुठून तरी कोड उतरवून घेतला, चित्रात बघून सगळ्या वायरी जोडल्या, अपलोडही झालं. आणि काहीच चालत नाही. किंवा याहून वाईट म्हणजे चालतं, पण का चालतं ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी बंद पडतं. सातवी-आठवीच्या मुलांपासून डिप्लोमाच्या पोरांपर्यंत सगळ्यांची गाडी इथेच अडते. कोड कच्चा असतो म्हणून नव्हे, तर दहा गोष्टी एकदम जोडलेल्या असतात आणि त्यातली एकही सुटी तपासलेली नसते म्हणून.

म्हणून या लेखात एकच प्रोजेक्ट घेतला आहे आणि क्रम सोडायचा नाही हा एकच नियम. प्रोजेक्ट असा: टाकीतलं पाणी एका पातळीला आलं की पिवळा दिवा लागेल, त्याच्या वर गेलं की लाल दिवा लागून बझर वाजेल. कोल्हापुरात हे वेगळं समजवावं लागत नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. आपण तेच सेंटिमीटरमध्ये करणार आहोत.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तपासणी दिली आहे. ती पार झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

## तयारी: काय घ्यायचं, काय नको

बोर्ड म्हणजे ज्यात प्रोग्राम भरायचा ते छोटं सर्किट. त्यासाठी आर्डुइनो युनो आर-थ्री किंवा त्याची साधी नक्कल घ्या. पाच व्होल्टवर चालतो, चूक सहन करतो आणि बिघडला तरी खिशाला फार झळ बसत नाही. ईएसपी-३२ जास्त ताकदवान आहे, वायफायही आहे, पण तो ३.३ व्होल्टचा. या प्रोजेक्टमधल्या सेन्सरचा ५ व्होल्टचा सिग्नल थेट त्याच्या पिनवर दिला तर पिन जायची भीती. तो दुसऱ्या प्रोजेक्टला घ्या. मूल पाचवी-सहावीतलं असेल तर मायक्रोबिट बरा. त्यावर २५ दिव्यांची पाटी, दोन बटणं आणि तापमान, हालचाल ओळखणारे सेन्सर आधीच बसवलेले असतात आणि ठोकळे जुळवून प्रोग्राम करता येतो. पण तोही ३.३ व्होल्टच्या घरातला, म्हणून खालची जोडणी त्यावर जशीच्या तशी करू नका.

बाकी सामान:

- ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचून जोडायची छिद्रांची पाटी, मोठा, ८३० छिद्रांचा
- जंपर वायरी, दोन्ही टोकांना पिन असलेल्या आणि एका टोकाला सॉकेट असलेल्या, दोन्ही प्रकार
- लाल, पिवळे, हिरवे एलईडी, प्रत्येकी दोन-तीन
- रेझिस्टर: ४७० ओहम, १ किलोओहम, १० किलोओहम
- एक एलडीआर, म्हणजे प्रकाश ओळखणारा रेझिस्टर
- एचसी-एसआर-०४ अल्ट्रासोनिक सेन्सर
- ५ व्होल्टचा ॲक्टिव्ह बझर
- बीसी-५४७ ट्रान्झिस्टर, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा तीन पायांचा भाग
- एक पुश बटण
- साधा मल्टिमीटर, ज्यात तार जोडलेली आहे का ते "बीप" करून सांगणारी सोय असेल
- स्टीलची टेप आणि एक वही

मल्टिमीटर वाचवू नका. त्याच पैशात "सदतीस सेन्सरचं किट" घेण्याचा मोह होतो. त्यातले तीसेक सेन्सर डब्यातच राहतात आणि मल्टिमीटर मात्र रोज लागतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरीही घेऊ नका. बोर्ड, सेन्सर आणि दिवे मिळून तिला दिवसभरही टिकू देत नाहीत आणि व्होल्टेज उतरलं की सेन्सर उलटसुलट आकडे द्यायला लागतो. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर आणि यूएसबी केबल पुरे.

इशारा: या प्रोजेक्टमध्ये मोटर चालू-बंद करायची नाही. "रिले लावून मोटरच बंद करू या की" असं दोन दिवसांत कुणीतरी म्हणतंच. रिले म्हणजे बोर्डाच्या सिग्नलवर चालणारा स्विच. घरातला २३० व्होल्टचा पुरवठा ब्रेडबोर्डवर आणायचा नाही. ओल्या गच्चीवर तर नाहीच नाही. पुढे कधी करायचं झालं तर स्टार्टरची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.

## टप्पा १: लॅपटॉप आणि बोर्ड यांची ओळख

आर्डुइनोचं सॉफ्टवेअर टाका. बोर्ड केबलने जोडा. मेनूत बोर्ड "युनो" निवडा आणि पोर्ट निवडा. मग उदाहरणांमधला "ब्लिंक" प्रोग्राम उघडून अपलोड करा. बोर्डवरचा छोटा दिवा एक सेकंद चालू, एक सेकंद बंद व्हायला हवा. हा दिवा १३ नंबरच्या पिनला आतूनच जोडलेला असतो, म्हणून बाहेर काही लावायची गरज नाही.

पोर्टच दिसत नसेल तर या क्रमाने बघा:

आधी केबल बदला. घरातल्या निम्म्या केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतातच. बोर्डवरचा पॉवरचा दिवा लागतो, म्हणून केबल चांगली आहे असं वाटतं आणि तासभर ड्रायव्हर शोधण्यात जातो. केबल बदलूनही दिसलं नाही तर बोर्डवरच्या यूएसबी सॉकेटजवळची चिप बघा. स्वस्त नकलांवर बहुधा सीएच-३४० लिहिलेलं असतं. तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. लिनक्स असेल तर पोर्ट दिसतो पण परवानगी नाकारली जाते. तेव्हा आपला यूजर "डायलआउट" गटात घालून पुन्हा लॉगिन करा.

तपासणी: प्रोग्राममधले दोन्ही १००० बदलून २०० करा आणि पुन्हा अपलोड करा. दिवा भराभर लुकलुकला पाहिजे. पुष्कळ बोर्डांवर हा ब्लिंक दुकानातूनच भरून आलेला असतो. त्यामुळे नुसता दिवा लुकलुकला म्हणजे तुमचं अपलोड झालं असं नाही. वेग बदलला तरच झालं.

## टप्पा २: ब्रेडबोर्डवर एकच दिवा

ब्रेडबोर्डमधली पाच-पाच छिद्रं आतून जोडलेली असतात. मधल्या खाचेच्या पलीकडची पाच वेगळी. कडेच्या लांब पट्ट्या पाच व्होल्ट आणि ग्राउंडसाठी, म्हणजे उणे बाजूसाठी. काही मोठ्या ब्रेडबोर्डवर या पट्ट्या बरोबर मध्यभागी तुटलेल्या असतात. लाल-निळी रेघ तिथे खंडित दिसली तर समजा की अर्ध्या बोर्डाला पॉवर पोचत नाही. मल्टिमीटर "बीप"वर ठेवून पट्टीची दोन टोकं तपासा आणि बीप आला नाही तर मध्ये छोटी वायर टाकून जोडून घ्या.

आता पिन ८ पासून ४७० ओहमचा रेझिस्टर, पुढे लाल एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ग्राउंडला. ४७० ओहमचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर त्यापुढे सोनेरी असतो. पाच पट्टे असतील तर रंगांचा हिशोब वेगळा, सरळ मल्टिमीटरने मोजा. किटमध्ये बहुतेकदा २२० ओहमचे देतात आणि आर-थ्रीवर तेही चालतात. पण नवीन आर-फोर बोर्डाची पिन ८ मिलिॲम्पिअरपर्यंतच देऊ शकते आणि २२० ओहमवर साधारण १३-१४ मिलिॲम्पिअर वाहतो. ४७० वर सहाच्या आसपास. दोन्ही बोर्डांना चालतो, उजेडही पुरेसा पडतो.

इशारा: रेझिस्टरशिवाय दिवा "लावून तरी बघू" असं करू नका. दिवा गेला तर फार नाही, पण पिन गेली की बोर्डाचा तो पाय कायमचा लंगडा. आणि जोडणी बदलताना दर वेळी यूएसबी काढा. कंटाळा येतो, तरी काढा.

तपासणी: ब्लिंकमधली पिन ८ केली की बाहेरचा दिवा लुकलुकला पाहिजे. नाही लुकलुकला तर दिवा उलटा करून बघा. मग पिवळा दिवा पिन ७ वर तसाच लावून तपासा.

## टप्पा ३: दिवे सोडा, आकडे बघा

हा टप्पा सगळे गाळतात आणि पुढे अडतात तेही याच्यामुळेच.

सिरियल मॉनिटर म्हणजे बोर्ड आपल्याशी जिथे बोलतो ती खिडकी. प्रोग्रामच्या सुरुवातीला सिरियलचा वेग ९६०० ठेवा आणि खिडकीतही ९६०० च निवडा. दोन्हीकडे वेगळा वेग असेल तर पडद्यावर चौकोन आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो बोर्डाचा बिघाड नव्हे. पिन ० आणि १ मोकळ्या ठेवा, कारण लॅपटॉपशी बोलणं त्याच दोन पिनांवरून चालतं. तिथे काही जोडलं तर अपलोडही अडतं.

आता ए० या ॲनालॉग पिनला काहीही न जोडता तिची किंमत दर अर्ध्या सेकंदाला छापा. गंमत बघा: ३१०, ३४२, २९८ असले आकडे येतात, हात जवळ नेला तर हलतातसुद्धा. काहीच जोडलेलं नाही, तरी! मोकळी पिन हवेतलं काहीबाही पकडते. पुढे कधी सेन्सरची वायर निघाली तरी असेच खरे वाटणारे आकडे येतील, म्हणून हे एकदा डोळ्यांनी बघून ठेवा.

मग एलडीआर जोडा. पाच व्होल्ट ते ए० एलडीआर आणि ए० ते ग्राउंड १० किलोओहम. आकडा ० ते १०२३ मध्ये कुठेतरी येईल, कारण युनो ५ व्होल्टचे १०२४ भाग पाडून मोजतो. एलडीआरवर हात ठेवला की आकडा उतरेल, मोबाइलचा टॉर्च मारला की चढेल. ट्यूबलाइटखाली आकडा थोडा थरथरतो. विजेचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकत असतो. आपल्याला दिसत नाही, बोर्डाला दिसतं.

तपासणी: वहीत तीन आकडे लिहा: अंधार, खोलीतला उजेड, टॉर्च. मग आकड्याकडे न बघता कुणाला तरी एलडीआर झाकायला सांगा आणि नुसत्या पडद्यावरून काय झालं ते ओळखा. ओळखता आलं की पुढे.

नेहमीची चूक: आकड्याचे व्होल्ट करायला "५ भागिले १०२३" लिहिलं की उत्तर शून्य येतं. दोन्ही पूर्णांक असले की अपूर्णांक कापला जातो. ५ च्या जागी ५.० लिहा. तुलनेला दोन बरोबर-चिन्हं लागतात, एक लिहिलं तर तुलना होतच नाही, किंमत भरली जाते आणि ती शून्य नसेल तर अट कायम खरी ठरते. कॉम्पायलर, म्हणजे कोड बोर्डाच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, याला चूक म्हणत नाही, म्हणून ही सापडायला वेळ लागतो.

## टप्पा ४: अंतराचा सेन्सर, एकटाच

एलडीआर काढून ठेवा. एचसी-एसआर-०४ ला चार पाय: पाच व्होल्ट, ट्रिग, एको, ग्राउंड. ट्रिग पिन ९ ला, एको पिन १० ला. बझर, दिवे कशालाही हात लावू नका.

काम असं चालतं. ट्रिगवर १० मायक्रोसेकंदांचा झटका दिला की सेन्सर ४० किलोहर्ट्झचे आठ ठोके सोडतो. ते आपल्याला ऐकू येत नाहीत. आवाज समोर आपटून परत येईपर्यंत एकोची पिन वर राहते. ती किती वेळ वर होती हे "पल्सइन" या आर्डुइनोच्या तयार आज्ञेचं फंक्शन मोजून देतं. जाऊन-येऊनचा वेळ, म्हणून निम्मा करायचा. हिशोबाची सोपी रीत: मायक्रोसेकंदांना ५८ ने भागा, सेंटिमीटर मिळतात.

पण लगेच भागू नका. आधी कच्चे मायक्रोसेकंद छापा. सेन्सर टेबलावर उभा करा, समोर वहीचा पुठ्ठा सरळ धरा आणि टेपने अंतर मोजा. १० सेंटिमीटरला साधारण ५८०, २० ला ११६०-७०, ३० ला १७४०-५० यायला हवेत. पुठ्ठा तिरका धरला तर आवाज दुसरीकडे उडतो आणि आकडा बिघडतो. गादी, स्वेटर, पडदा आवाज गिळतात. पाणी मात्र चांगलं परतवतं, म्हणून तर टाकीला या जातीचा सेन्सर शोभतो.

| टेपचं अंतर | मायक्रोसेकंद | भागून आलेलं | फरक |
|---|---|---|---|
| १० सेंमी | | | |
| २० सेंमी | | | |
| ३० सेंमी | | | |
| ५० सेंमी | | | |

हा तक्ता पेनाने भरा. फरक सगळीकडे सारखा, म्हणजे समजा प्रत्येक वेळी एक सेंटिमीटर जास्त येत असेल, तर तुम्ही टेप सेन्सरच्या दुसऱ्या कडेपासून धरली आहे. फरक अंतराबरोबर वाढत असेल तर तो हवेचा. तापलेल्या हवेत आवाज जलद जातो. मे महिन्यातल्या दुपारी आणि जुलैच्या पावसात मिळून १ मीटरला दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. टाकीसाठी तेवढं चालतं.

### शून्याचा घोळ

आता सेन्सर खिडकीबाहेर मोकळ्यावर रोखा, समोर काही नको. काय छापलं जातं?

"पल्सइन"ला किती वेळ थांबायचं ते सांगता येतं. ३०००० मायक्रोसेकंद द्या, ते पाच मीटरहून जास्त होतात. तेवढ्या वेळात परतीचा आवाज आला नाही तर ते ० परत देतं. ० म्हणजे "काही ऐकू आलं नाही". पण ते ५८ ने भागलं की अंतरही ०, आणि अंतर ० म्हणजे पाणी थेट सेन्सरला टेकलं! "सर, टाकी रिकामी हाय तरी बझर बोंबलतोय" ही तक्रार आली की कोड न बघताच सांगता येतं. शून्य गाळलेलं नाही.

यालाच चिकटून आणखी एक. वेळ साठवायला "इंट" हा पूर्णांकाचा छोटा प्रकार वापरला आणि थांबायची मर्यादा दिली नाही, तर समोर काही नसताना बरेचसे सेन्सर ३८००० च्या आसपास आकडा देतात. आर-थ्रीवर इंटमध्ये ३२७६७ च्या वर जागा नाही. मग तो आकडा उलटून −२७५३६ असा होतो आणि पडद्यावर उणे अंतर दिसतं. सेन्सर बिघडलेला नाही, भांडं लहान पडलं. "अनसाइन्ड लाँग" वापरा.

तपासणी: सेन्सर मोकळ्यावर रोखल्यावर पडद्यावर अंतर न येता "ऐकू आलं नाही" अशी ओळ आली पाहिजे. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंद तरी जाऊ द्या, नाहीतर आधीच्या ठोक्याचा परतीचा आवाज पुढच्या मोजणीत घुसतो.

## टप्पा ५: प्रोग्राम आधी मराठीत, कागदावर

लॅपटॉप मिटा. हे ऐकून पोरं तोंड वाकडं करतात, पण अर्धे घोळ इथेच निस्तरतात.

आधी बादलीचे आकडे धरू. सेन्सर बादलीच्या तळापासून ४० सेंटिमीटर उंचीवर, इशारा पातळी १५ सेंटिमीटर, धोका पातळी २०.

1. पाच वेळा अंतर मोजा, प्रत्येक मोजणीनंतर ६० मिलिसेकंद थांबा.
2. शून्य आलेल्या मोजण्या टाकून द्या.
3. तीनपेक्षा कमी उरल्या तर पिवळा दिवा लुकलुकवा, बझरची स्थिती बदलू नका आणि पुन्हा पहिल्यापासून.
4. उरलेल्या चढत्या क्रमाने लावून मधली घ्या.
5. पाण्याची उंची म्हणजे ४० वजा अंतर.
6. उंची २० किंवा जास्त असेल तर धोका चालू. १८ च्या खाली गेली तर धोका बंद. मध्ये असेल तर आहे तसंच.
7. उंची १५ किंवा जास्त असेल तर इशारा चालू. १३ च्या खाली गेली तर बंद. मध्ये असेल तर आहे तसंच.

सरासरी का नाही, मधलीच का? चार मोजण्या २२ च्या आणि एक चुकून ३०० ची आली तर सरासरी ७७ वर जाते. मधली २२ च राहते.

सहाव्या आणि सातव्या ओळीतल्या दोन-दोन आकड्यांवर जरा थांबा. फक्त "२० च्या वर चालू, नाहीतर बंद" लिहिलं तर पाणी नेमकं विसाच्या आसपास हिंदकळताना बझर टिर्र-टिर्र-टिर्र करत राहतो. चालू व्हायचा आकडा वेगळा आणि बंद व्हायचा वेगळा ठेवला की हे थांबतं. फ्रीज, इस्त्री, गीझर सगळे असेच चालतात.

तपासणी: कागदावर बोट ठेवून चार उंच्या चालवून बघा: १२, १६, २१, १९. शेवटच्या १९ ला बझर चालू की बंद? चालूच, कारण २१ वर तो चालू झाला होता आणि १८ च्या खाली अजून गेलेलं नाही. हे ज्याला कागदावर सांगता येत नाही त्याने कोडला हात लावू नये. माझं यावर घरात आणि वर्गात दोन्हीकडे भांडण होतं, पण मत बदललेलं नाही.

## टप्पा ६: एकेक ओळ कोडमध्ये, एकेक भाग बोर्डवर

कागदावरची पहिली ओळ लिहा, अपलोड करा, पाच आकडे बघा. मग दुसरी. प्रत्येक वेळी फाइल नव्या नावाने साठवा: टाकी-१, टाकी-२, टाकी-३. काही बिघडलं की मागच्या चालणाऱ्या फाइलवर परत जाता येतं.

चौथ्या ओळीला अडलात तर काळजी नको, पाच आकडे चढत्या क्रमाने लावणं हा स्वतंत्र धडा आहे. तोवर तीनच मोजण्या घ्या आणि सगळ्यांत मोठी, सगळ्यांत लहान सोडून उरलेली घ्या. तिघांतली एखादी शून्य निघाली तर ती फेरीच सोडून द्या.

बझर सर्वांत शेवटी. ॲक्टिव्ह बझर म्हणजे नुसते ५ व्होल्ट दिले की वाजणारा, पॅसिव्ह असेल तर नुसती "टक" होते. आधी बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडला क्षणभर लावून कोणता आहे ते बघा. बझर पिनवर थेट लावू नका, कारण तो पिनला सोसेल त्याहून जास्त करंट ओढू शकतो. मध्ये बीसी-५४७ घाला. पिन ६ पासून १ किलोओहम, तो ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावा पाय कलेक्टर, मधला बेस, उजवा एमिटर. एमिटर ग्राउंडला, बझरचा उणे पाय कलेक्टरला, अधिक पाय ५ व्होल्टला.

इशारा: दुकानदाराने "तोच आहे, घ्या" म्हणून दुसऱ्या नंबरचा ट्रान्झिस्टर दिला तर पायांचा क्रम उलटा असू शकतो. अंगावरचा नंबर भिंगातून वाचा. आणि जे जे जोडाल त्या सगळ्याचं ग्राउंड एकच असलं पाहिजे.

तपासणी: पाण्याऐवजी हातात पुठ्ठा घेऊन सेन्सरखाली वर-खाली करा. पिवळा, मग लाल आणि बझर, खाली नेताना आधी लाल-बझर बंद, मग पिवळा बंद. सेन्सरची एकोची वायर उपसून बघा. बझर वाजला नाही आणि पिवळा लुकलुकला तर प्रोग्राम पास.

## टप्पा ७: "डिले" काढून टाका

इथवर बझर सलग वाजतो. त्याला थांबून-थांबून वाजवायचं आणि एका बटणाने गप्प करायचं आहे. पहिला विचार "डिले"चा, म्हणजे बोर्डाला ठरावीक वेळ थांबवणाऱ्या आज्ञेचा येतो: २०० मिलिसेकंद चालू, ८०० बंद. पण डिलेमध्ये बोर्ड हातावर हात ठेवून बसतो, बटणही बघत नाही. पाच वेळा बटण दाबा, एखादी वेळ लागते.

त्याऐवजी "मिलिस" वापरा. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते ते सांगतं. मागच्या वेळी बझर कधी बदलला ते लक्षात ठेवायचं आणि आता वजा तेव्हा हे ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त झालं की बदलायचं. बोर्ड मोकळाच राहतो. हा आकडा सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो, पण "आता वजा तेव्हा" अशी वजाबाकी अनसाइन्ड लाँगमध्ये लिहिलेली असेल तर काही बिघडत नाही. पहिल्या ओळीतलं ६० मिलिसेकंदांचं थांबणंही याच रीतीने करा.

बटण पिन ४ आणि ग्राउंडमध्ये लावा, पिन "इनपुट पुलअप" ठेवा, म्हणजे बटण सोडलेलं असताना बोर्ड ती आतूनच ५ व्होल्टकडे ओढून ठेवतो. दाबल्यावर किंमत लो येते, सोडल्यावर हाय. उलटं वाटतं, तसंच आहे.

तपासणी: बझर वाजत असताना बटण एकदाच दाबा. अर्ध्या सेकंदाच्या आत गप्प झाला पाहिजे आणि पुठ्ठा खाली नेऊन पुन्हा वर आणला की परत वाजला पाहिजे.

## टप्पा ८: बादली, मग टाकी

बादलीवर लाकडी पट्टी आडवी टाकून सेन्सर खाली तोंड करून बांधा. तो तळापासून ४० सेंटिमीटरवर आहे ना ते टेपने बघा. मगाने पाणी ओता, बाहेरून पट्टीने खरी उंची मोजा आणि पडद्यावरच्या उंचीशी ताडा. सेन्सर बादलीच्या कडेला नको, मध्यावर हवा, नाहीतर कडेचाच आवाज परत येतो.

टाकीवर मात्र हा सेन्सर चालत नाही. त्याचे दोन डोळे उघडे असतात, झाकणाखालची वाफ आठ-पंधरा दिवसांत आत शिरते. तिथे जेएसएन-एसआर-०४-टी हा पाण्यापासून सुरक्षित सेन्सर लावा. वायरी त्याच चार. एक फरक लक्षात ठेवा: त्याला २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. समजा सेन्सर तळापासून १२० सेंटिमीटरवर आहे, तर ९५ च्या वरचं पाणी तो धड मोजू शकत नाही. म्हणून धोका पातळी ९० ठेवा, बंद व्हायची ८६, इशारा ८० आणि बंद व्हायचा ७७. नळाच्या धारेखाली किंवा फ्लोटच्या चेंडूवर सेन्सर रोखू नका.

गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंत सेन्सरची वायर ओढू नका. लांब वायरीवर एकोचा सिग्नल बिघडतो. बोर्ड टाकीजवळच, पावसाचं पाणी शिरणार नाही अशा प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि बझरच्या दोन वायरी लांब करा. त्यांना लांबीने फरक पडत नाही. डब्याची भोकं खालच्या बाजूला पाडा आणि वायरी आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन आणा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाला गळून पडतं.

ब्रेडबोर्ड गच्चीवर ठेवायचा नाही. पावसाळी दमटपणात त्याच्या आतल्या पट्ट्या गंजतात, जोडणी सुटते आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता. छिद्रांच्या साध्या पीसीबीवर सोल्डर करून घ्या. स्वतःला येत नसेल तर सोल्डरिंग येणाऱ्या कुणाच्या शेजारी बसून शिका, पण आपल्या हाताने करा.

वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की चार्जर प्लगमधून काढून ठेवा. पुन्हा लावल्यावर पहिल्या मिनिटात पडद्यावरची किंवा दिव्यांची स्थिती आणि टाकीतली खरी उंची एकदा ताडून बघा. त्यासाठी टाकीच्या बाहेरून रंगाने दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवा.